निदानरेषेच्या अलीकडे

पेण-रोह्याकडे कुणाच्या गुडघ्याला मार बसला की घरातलं जाणतं माणूस आधी एकच विचारतं: हाड तर नाही ना मोडलं? पाय टेकता येत असेल तर उत्तर तिथल्या तिथे ठरतं. मोडलेलं नाही, मुका मार आहे, लचकलंय, चार दिवस शेक दे. गुडघा फारच सुजला तर ‘पाणी झालंय’ म्हणायचं. हा निकाल कधी आजी देते, कधी हाडवैद्य, कधी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टर. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत निकाल देणारे वाढले, त्यांची साधनं बदलली. प्रश्न मात्र हाडाचाच राहिला. गुडघ्याच्या बाबतीत तो अपुरा पडतो, आणि त्या अपुरेपणाची किंमत या दोन तालुक्यांतल्या कित्येक शेतकऱ्यांनी, गवंड्यांनी आणि कबड्डीपटूंनी लंगडत चुकती केली आहे.

कारण गुडघा हाडांच्या बळावर उभाच नसतो. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर नुसती टेकलेली असतात. त्यांना जागेवर ठेवतात ते चार मुख्य अस्थिबंध आणि मधल्या दोन चंद्रकोरी गाद्या. दोन बंध बाजूंना, दोन सांध्याच्या पोटात एकमेकांना ओलांडून जाणारे. या आतल्या जोडीतला पुढचा बंध जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब. गावातली पोरं आता त्याला सरळ ‘एसीएल’ म्हणतात. तो तुटला तरी हाडं जिथल्या तिथे असतात, पाय वाकडा दिसत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली की माणूस सरळ रस्त्यावर नीट चालू लागतो. फसगत इथेच होते. वळताना, उतारावरून येताना, बांधावरून उडी टाकताना गुडघा दगा देतो. दगा देण्याच्या प्रत्येक वेळी आतली गादी थोडी थोडी फाटत जाते.

आणि वळणं, उतार, बांध हेच तर इथलं जगणं. पेणचा पश्चिमेकडचा भाग खारेपाटाचा: खाडीची भरती अडवणारे बांध, मिठागरं, पावसाळ्यात घसरडी होणारी चिकणमाती. पूर्वेला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांचे डोंगर. रोहा कुंडलिकेच्या खोऱ्यात, नदीपलीकडे अष्टमी, भोवती भातशेती. आषाढातल्या लावणीत चिखलात पोटरीपर्यंत रुतलेला पाय जागीच राहतो आणि रोपांच्या मुठींचं ओझं घेतलेलं धड वळतं. गुडघ्याचा बंध तोडायला याहून वेगळं काही लागत नाही. हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या गणपतीच्या कारखान्यांत तासन्‌तास उकिडवं बसून काम चालतं. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत शिड्या आणि ओल्या फरश्या आहेत. शिवाय मुंबई-गोवा महामार्ग आहेच. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि पुढची कित्येक वर्षं वडखळ ते कोलाडच्या खड्ड्यांनी दुचाकीस्वारांना पाडून आपल्या परीने गुडघ्यांचा हिशेब वाढवत नेला.

मार बसल्यावर जायचं कुणाकडे, याचं जुनं उत्तर होतं हाडवैद्य. ही विद्या घराण्यात चालणारी, बापाने मुलाला किंवा सासूने सुनेला हातानं शिकवलेली. अनेक घरांत पैसे न घेण्याची रीत असे. नारळ, सुपारी, फार तर शेतातलं काही. हाडवैद्याचं खरं हत्यार त्याची बोटं. तो आधी दुखऱ्या जागेपासून दूर हात ठेवतो, बोलत राहतो, माणसाचं लक्ष उडवतो, आणि मग एका झटक्यात निखळलेला खांदा बसवतो. नंतर लेप. मेंदालकडीची साल, आंबेहळद, तुरटी, रक्तबोळ, काळा बोळ, कुठे अंड्याचा पांढरा बलक. वरून कापूस आणि बांबूच्या कामट्या. मुरगळलेल्या पायाला निर्गुडीचा पाला, एरंडाचं पान, विटेचा शेक. हाडसांधीची वेल परसात लावलेली असे. आणि कमरेत उसण भरली तर पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाकडून हलकी लाथ मारून घ्यायची. हा शेवटचा उपाय हसण्यावारी नेता येईल, पण उसण बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपसूक उतरते, त्यामुळे पायाळूची कीर्ती अबाधित राहत आली आहे.

या विद्येचे धागे फार मागे जातात. सुश्रुतसंहितेत सांध्यांच्या आणि हाडांच्या दुखापतींची चिकित्सा स्वतंत्रपणे मांडली आहे: सांधा निखळण्याचे सहा प्रकार, हाड मोडण्याचे बारा. ताणणं, दाबणं, जागेवर आणणं आणि बांधणं असा क्रम आहे. कामट्यांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू सुचवले आहेत. पट्टी थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलायची. लहानपणी सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात दोन आणि म्हातारपणी तीन, हा हिशेबही तिथे आहे. पट्टी फार सैल नको आणि फार घट्टही नको, हे बजावलं आहे. हे सगळं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ग्रंथातला वैद्य आणि पेणच्या आठवडी बाजारात जडीबुटी विकायला बसणारा वैदू यांच्यात मोठं अंतर असलं, तरी दोघांच्या हातातली पट्टी एकाच कुळातली आहे.

हाडवैद्याला वाईट ठरवून मोकळं होणं सोपं आहे; ते अन्यायाचं होईल. खांदा बसवणं, बोटाचा सांधा सारणं, मनगटाचं साधं मोडलेलं हाड सरळ बांधणं, यात कुशल हाताला यश येत असे, आणि त्या काळी दुसरा हात जवळ नव्हताच. चुका झाल्या त्या ठरावीक जागी. पट्टी करकचून बांधली गेली की हातापायातला रक्तपुरवठा अडतो. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ साली वर्णन केलेला आखडलेला, नखरासारखा पंजा त्यातून तयार होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे हात काळा पडतो. आंब्यावरून पडलेल्या पोराचं कोपर चोळत बसलं की स्नायूत हाड धरतं आणि कोपर कायमचं जाम होतं. आणि गुडघा. गुडघ्यात बोटांना चाचपायला तुटकं टोक नसतं, वेडीवाकडी रेषा नसते. हाडवैद्य लेप लावतो, सूज उतरते, यश त्याच्या खात्यावर पडतं. सूज तशीही उतरणारच होती.

हीच गोष्ट इंग्लंडातही घडत होती. १८६७ साली जेम्स पॅजेट या नामांकित शल्यविशारदाने हाडवैद्य ज्या रुग्णांना बरं करतात त्यांच्यावर एक व्याख्यान दिलं आणि आपल्या डॉक्टर बांधवांना सांगितलं की त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. लिव्हरपूलचा इव्हान थॉमस हा वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. डॉक्टरांनी त्याच्यावर पुन्हा पुन्हा खटले भरले, तेव्हा त्याने मुलांना वैद्यकीय शिक्षणाला घातलं. त्यातला ह्यू ओवेन थॉमस अस्थिरोगशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक ठरला. त्याने बनवलेला पाय ताणून धरणारा सांगाडा पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने वापरात आणला, आणि मांडीचं हाड मोडलेल्या सैनिकांमधलं मृत्यूचं प्रमाण ऐंशी टक्क्यांवरून विसाच्या खाली आलं. घराण्यातला हात आणि महाविद्यालयातली विद्या तिथे एका माणसात भेटली. आपल्याकडे तशी वाट पडली नाही. मुंबई इलाख्यात १९१२ सालच्या कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली, १९३८ सालच्या कायद्याने आयुर्वेदाच्या वैद्यांनाही नोंदवहीत जागा मिळाली. हाडवैद्य दोन्हींच्या बाहेर, आपल्या ओटीवर राहिला. ना कुणी त्याला शिकवलं, ना कुणी त्याच्याकडून शिकलं.

मुंबईत मोठी इस्पितळं होती. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. १८४५ पासून, केईएम १९२६ पासून. पण पेणहून मुंबई गाठायची म्हणजे अंतोरा किंवा धरमतर बंदरातून भरतीची वेळ बघून मचव्याने, पुढे आगबोटीने. रोह्याच्या माणसाला त्याआधी बैलगाडी. मोडलेल्या पायाने होडीत चढणं हा एक वेगळाच प्रसंग असणार. पावसाळ्यात खाडी खवळली की तेही बंद. जमिनीवरून जायचं तर ठाण्याचा वळसा. वाशीचा खाडीपूल झाला १९७३ साली. रेल्वे रोह्यापर्यंत पोचली १९८६ साली. तोवर ‘मुंबईला नेऊ’ याचा अर्थ घरात ‘आता काही खरं नाही’ असा घेतला जाई, आणि सुजलेल्या गुडघ्यासाठी कुणी इतकं टोक गाठत नसे. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणंही एक दिवस बुडवणारं होतं. हाडवैद्य मात्र शेजारच्या गावात, आणि रात्रीही दार उघडणारा.

मग प्लास्टर आणि एक्स-रे आले.

प्लास्टरची पट्टी ही मुळात डच लष्करी डॉक्टर अँटोनियस मॅथायसेन याची युक्ती, १८५०च्या दशकाच्या सुरुवातीची. जिप्सम तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं; ती भुकटी पुन्हा पाण्यात कालवली की काही मिनिटांत दगड होते. पेणमध्ये या भुकटीची ओळख कुणाला करून द्यायला नको. शाडूच्या जोडीला प्लास्टर ऑफ पॅरिस आल्यावर तर तिच्या गोणींवरच शहराचा धंदा फोफावला. त्याच भुकटीने पाय बांधला की तो सरळ आणि पक्का धरतो, हे इथल्या कारागिराला सांगावं लागत नसे, आणि कदाचित म्हणूनच प्लास्टरवर विश्वास लवकर बसला. मोडलेल्या नडगीसाठी तो विश्वास रास्त होता. तुटलेल्या बंधाच्या गुडघ्याला मात्र महिना-दीड महिना प्लास्टरमध्ये ठेवलं की मांडीचा स्नायू सुकतो, सांधा आखडतो, आणि एसीएल तरीही जुळत नाही. सांध्यातल्या द्रवात त्याची तुटलेली टोकं सहसा एकत्र येत नाहीत. प्लास्टर काढल्यावर बारीक झालेली मांडी बघून घरचे म्हणायचे, अशक्तपणा आला आहे, खाऊ घाला.

एक्स-रेची गोष्ट याहून उपरोधाची. रोंटगेनने नोव्हेंबर १८९५ मध्ये किरण शोधले, आणि दोन वर्षांतच सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत ब्रिटिश सैन्याच्या डॉक्टरने जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला ते यंत्र भारतात वापरलं. तालुक्याच्या गावी यंत्र यायला पुढे कित्येक दशकं गेली. आलं तेव्हा त्याचा दरारा मोठा होता: आत दिसतं! पण दिसतात ती हाडं. बंध, गाद्या, कंडरे यांची त्या काळ्या फिल्मवर सावलीही पडत नाही. गुडघ्याचा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला की कागदावर ‘सॉफ्ट टिश्यू इंज्युरी’ लिहिलं जाई, क्रेप बँडेज, दुखण्याची गोळी, आठ दिवसांची विश्रांती. हाडवैद्याने बोटांनी जे सांगितलं होतं तेच आता यंत्राने सांगितलं, फक्त जास्त अधिकाराने. दोघांनी हाड बघितलं, दोघांना ते शाबूत दिसलं, आणि दोघंही खरं बोलत होते. रुग्ण मात्र दोन निकालांनंतर गप्प बसला, कारण तिसऱ्यांदा तक्रार करणारा माणूस नाटकी ठरतो. बायकांच्या बाबतीत तर पहिल्या तक्रारीलाच तसं म्हटलं गेलं.

सगळ्यात जास्त गुडघे गेले ते कबड्डीत. भातकापणी आटोपली, खळी झाली की रायगडात गावोगाव मैदानं तयार होतात. माती चाळून, पाणी मारून, चोपून. ग्रामदेवतेच्या नावाचं मंडळ, रात्रीचे दिवे, बक्षिसाची ढाल, माइकवरचा समालोचक. या खेळाची कहाणीही महाराष्ट्रातली: हुतुतूचे नियम इथल्या व्यायामसंस्थांनी घडवले, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याची प्रात्यक्षिकं दाखवली, १९५० साली अखिल भारतीय फेडरेशन स्थापन झालं, आणि शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्यभर हिंडून तो देशभर नेला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाला. २०१४ पासून दूरचित्रवाणीवरची लीग आली आणि रोह्याच्या मैदानावरच्या पोराला तो नोकरीचा, नावाचा, पैशाचा रस्ता दिसू लागला.

चढाईपटूचा धंदाच वळण्याचा. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची निदानरेषा ओलांडायची, गडी टिपायचा, आणि सात जण अंगावर येण्याआधी गर्रकन फिरून परतायचं. त्याच क्षणी कोपरारक्षकाने घोटा धरला, तर पाऊल जमिनीला खिळतं आणि वरचं शरीर मध्यरेषेकडे झेपावतं. आतून ‘टक्’ असा आवाज येतो. खेळाडूला तो ऐकू येतो, कधी शेजारच्यालाही. तासा-दोन तासांत गुडघा टम्म. यालाच ‘पाणी झालं’ म्हणतात. सुई घालून बघितलं तर ते बहुतेक वेळा रक्त असतं. १९८० साली अमेरिकेत फ्रँक नॉयस आणि सहकाऱ्यांनी अशा रक्ताने भरलेल्या गुडघ्यांत दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा दहापैकी सुमारे सात जणांचा एसीएल दुखावलेला निघाला. म्हणजे आवाज, लगेच आलेली सूज आणि खेळ सोडावा लागणं, एवढ्या तीन गोष्टींवरून मैदानातच संशय घेता येतो. घेतला जात नाही. मैदानाच्या कडेला बर्फ आणि स्प्रे मारतात, कुणीतरी ‘शीर सरकली’ म्हणून पाय ओढतो, आणि उपांत्य फेरीला पोरगं गुडघ्याला पट्टी आवळून पुन्हा उतरतं.

मंडळांचाही दोष आहे, पण तो समजण्यासारखा. वस्ताद, प्रशिक्षक, जुने खेळाडू यांच्यातल्या निम्म्यांचे गुडघे असेच गेलेले असतात आणि त्यांनी ते तसेच ओढलेले असतात. ‘आम्हीपण खेळलो असेच’ हे त्यांचं वाक्य खोटं नाही. तिशीत चढाई सोडून पकडीला आले, पस्तिशीत पंच झाले, चाळिशीत जिना उतरताना कठडा धरू लागले. हे सगळं वय म्हणून खपून गेलं.

तुटलेला बंध ओळखायचं ज्ञान मात्र जुनं आहे. ग्रीक वैद्य गॅलेनने या ओलांडणाऱ्या बंधांना नाव दिलं होतं. १८३७ मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने तुटलेल्या एसीएलचा रुग्ण नोंदवला, १८४५ मध्ये ल्योंच्या आमेदे बॉनेने तुटताना येणारा आवाज, रक्ताची सूज आणि नंतरचं निसटणं यांचं वर्णन केलं. १८७५ मध्ये पॅरिसला शिकणाऱ्या जॉर्ज नूलिसने गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून बघायची पद्धत लिहून ठेवली. ती विस्मरणात गेली. शंभर वर्षांनी, १९७६ साली, फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांची तीच चाचणी त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी प्रसिद्ध केली, आणि आज जगभर ती लॅकमन चाचणी म्हणून शिकवली जाते. रुग्णाला आडवं करायचं, गुडघा वीस-तीस अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी पक्की धरायची, दुसऱ्याने नडगी वर ओढायची. चांगल्या पायात ती कुठेतरी ठाम अडते. तुटलेल्या पायात सरकत राहते. अर्धं मिनिट लागतं. वीज लागत नाही, फिल्म लागत नाही, मुंबई लागत नाही.

या सगळ्या इतिहासातली खरी चुटपुट इथे आहे. ज्याच्या बोटांची ख्याती चार गावांत होती त्या हाडवैद्याला ही चाचणी एका दुपारी शिकवता आली असती. ज्या डॉक्टरला ती महाविद्यालयात शिकवली होती त्याच्या दवाखान्यात एक्स-रे आल्यावर हात लावायची सवय मोडली. हात होते तिथे प्रश्न नव्हता, प्रश्न माहीत होता तिथे हात खिशात गेले.

चुकीच्या निदानाचा आणखी एक प्रकार या भागात घडत आला आहे आणि तो गुडघ्यापुरता थांबत नाही. महिनोन्‌महिने सुजलेला, रात्री दुखणारा, मार फारसा न लागता धरलेला सांधा हा क्षयाचा असू शकतो. फुप्फुसाबाहेरचा क्षय सांध्यांत आणि मणक्यांत घर करतो. आणि बारा ते वीस वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याजवळची वाढती, झोपमोड करणारी गाठ हाडाच्या कर्करोगाची असू शकते. घरात कुणीतरी आठवून सांगतं, ‘त्या दिवशी पडला होता ना’, आणि पडण्यावर सगळं बिल फाडलं जातं. महिना-दोन महिने चोळमोळ होते, आणि मग परळच्या टाटा रुग्णालयात, जे १९४१ पासून उभं आहे, उशिरा पोचलेल्या केसपेपरांत आणखी एक भर पडते. अशा गाठीला चोळणं हे नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे. रात्रीचं दुखणं हा लचकीचा स्वभाव नव्हे, एवढं तरी प्रत्येक घराला ठाऊक हवं.

उपचारांची बाजू गेल्या साठ वर्षांत पालटली. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. १९८०च्या दशकात एमआरआय आला आणि पहिल्यांदाच बंध आणि गाद्या न कापता दिसल्या. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतून दुर्बिणीची शस्त्रक्रिया पनवेलपर्यंत सरकली. मांडीमागचे कंडरे काढून, वळून, हाडात बोगदे पाडून नवा बंध बसवतात. खर्चाचा प्रश्न उरतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. केशरी-पिवळ्या शिधापत्रिकेच्या घरांना इस्पितळाची पायरी चढायचं धाडस त्यातून आलं. पण शस्त्रक्रियेआधीचा एमआरआय, नंतरच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी, पनवेलच्या गाडीभाड्याचे पैसे यांचा हिशेब बहुधा घरालाच करावा लागतो.

आणि प्रत्येक तुटलेल्या बंधाला सुरी लागतेच असं नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्ध्या लोकांना लगेच शस्त्रक्रिया आणि व्यायाम, उरलेल्यांना आधी नुसता शिस्तशीर व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया, असं वाटून दिलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिकांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. चढाईपटूला ती बहुधा लागेल. भाजीची गाडी लावणाऱ्याला कदाचित नाही. फिरून फिरून मुद्दा येतो तो व्यायामावर. केईएममध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. आज पेण आणि रोहा दोन्हीकडे फिजिओथेरपिस्टांच्या पाट्या दिसतात. त्यांची अडचण वेगळी. पैसे देऊन व्यायाम करायचा ही कल्पना अंगमेहनतीच्या माणसाला पटत नाही. दिवसभर शेतात राबतो, आणखी कसला व्यायाम?

कोकणाच्या पंचांगात हे दुखणं कसं बसतं तेही बघण्यासारखं आहे. पौषातल्या स्पर्धेत गुडघा जातो. महिनाभर लेप, मग एक्स-रे, मग ‘बघू’. शिमग्यात नाचताना पाय पुन्हा निसटतो तेव्हा कुणीतरी एमआरआयचं नाव काढतं. वैशाखात शस्त्रक्रिया. नवा बसवलेला बंध दीड ते तीन महिन्यांच्या टप्प्यावर सगळ्यात कमजोर असतो, कारण मूळ कंडरा मरून त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात. आणि हा टप्पा नेमका आषाढाच्या लावणीत येतो. दुखणं थांबलेलं असतं, पाय धडधाकट दिसतो, शेतात मजूर मिळत नाही. खेळायला परतायचं तर किमान नऊ महिने, म्हणजे पुढचा माघ. नॉर्वेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं तितका पुन्हा दुखापतीचा धोका घटत गेलेला दिसला. पण कॅलेंडरवरचे महिनेही पुरेसे नाहीत. पायाने परवानगी द्यायची असते. चांगल्या पायावर एकाच पायाने जितकी लांब उडी पडते, तिच्या नव्वद टक्के तरी दुखावलेल्या पायावर पडली पाहिजे, आणि उतरल्यावर तोल ढळता कामा नये. ही मोजणी करायला मोजपट्टी, खडू आणि अंगणाचा एक कोपरा पुरतो. पेणच्या काही तरुण प्रशिक्षकांनी ती सरावाआधी घ्यायला सुरुवात केली, तर पौषात मैदानाच्या कडेला बसलेल्या जुन्या खेळाडूंनाही तिथे आपले पाय तपासून बघता येतील.